कूलरची टाकी आणि २००७ चा कायदा

(धंतोलीतल्या एका सभागृहात ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्त्या नागपुरात वकिली करतात.)

नमस्कार. मागचा पंखा जरा हळू करता का? माईकमध्ये नुसता वारा घुसून राहिला. हं, आता ठीक.

पत्रिकेवर विषय फार भारदस्त छापलाय: 'असुरक्षित प्रौढांच्या सामाजिक काळजीविषयक कायद्यातील सुधारणा'. यातला एक 'काळजी' सोडला तर बाकीचे शब्द माझ्या आईनं जन्मात उच्चारले नसतील. इंग्रजीत 'व्हल्नरेबल अॅडल्ट' म्हणतात, त्याला आपल्याकडे धड शब्द नाही. निराधार म्हणावं, तर मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यातल्या बऱ्याच जणांना दोन-दोन, तीन-तीन मुलं आहेत. परावलंबी म्हणावं, तर तो शब्द ऐकूनच माणूस अर्धा होतो. त्यामुळे व्याख्या बाजूला ठेवते आणि एका आजींपासून सुरुवात करते.

मानेवाड्याकडचं घर. दोन मजले, वर मुलगा-सून, खाली मागच्या खोलीत आजी. वय ७८, दोन वर्षांपूर्वी लकवा मारलेला, उजवा हात कामातून गेलेला. शेजारच्या बाईंनी मला फोन केला, 'वकीलबाई, तुम्ही एकदा येऊन पाहा.' मे महिना, दुपारचे अडीच. त्या दिवसांत आपल्याकडे काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. खोलीत कूलर चालू होता, पण टाकीत पाण्याचा थेंब नाही. पंप कोरडा घरघरतोय, ताट्या वाळून खडखडीत झाल्यात, आणि त्यातून जे बाहेर येतंय ते भट्टीच्या तोंडासारखं. आजी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी म्हटलं, 'आजी, फार गरम होतंय इथं.' तर म्हणतात, 'कूलर चालू हाय न बाई. पोरानंच लावून देला.'

मुलगा रोज सकाळी आठला साइटवर जायचा, सून शाळेत शिकवायची. दोघांनाही वाटायचं दुसऱ्यानं टाकी भरली. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही, घर नावावर करून घेणं नाही. मी अंगणातली नळी ओढून टाकी भरली. माझ्या वकिलीतलं सगळ्यात लवकर निकाली निघालेलं प्रकरण तेच असावं! मग विचारलं, 'आजी, काही तक्रार करायची का?' त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. 'पोराची तक्रार करून मंग मी जाऊ कुठी?'

आता हे प्रकरण आपल्या कायद्यात कुठं बसतं ते पाहू.

आपला मुख्य कायदा म्हणजे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा. ज्याला स्वतःचा खर्च भागत नाही असा ज्येष्ठ नागरिक मुलांविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अर्ज करतो. न्यायाधिकरण म्हणजे एसडीओ साहेब, उपविभागीय अधिकारी. पुण्याकडे त्यांनाच प्रांत म्हणतात. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर आणखी ३० दिवस. दरमहा चरितार्थाची रक्कम किती, ते राज्यानं ठरवायचं, पण १०,००० रुपयांच्या वर नाही. आणि कलम १७ म्हणतं, तिथं वकील नको. म्हणजे तुम्ही आज ज्या बाईला भाषणाला बोलावलं, तिला कायद्यानं दाराबाहेर उभं केलंय. (त्यावर पुढे उच्च न्यायालयांत वाद झाले, केरळच्या उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ते कलम मोडीत काढलं.) तक्रार नाही माझी. हेतू चांगला होता, वकील आला की तारीख येते हे लोकांना माहीत आहे.

पण ते १०,००० पाहा. सांभाळायला ब्युरोची बाई बारा तासांसाठी लावायची तर महिन्याला आज काय पडतं? सांगा कुणीतरी. 'पंधरा हजार.' 'आमच्याकडे अठरा घेते, ताई, जेवण वेगळं.' झालं. आकडा २००७ चा आहे, तेव्हापासून तिथंच बसलाय. २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात ही मर्यादा काढायची होती, जावई-सुनेलाही 'मुलं' या व्याख्येत घ्यायचं होतं, ८० च्या वरच्यांचा अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा होता, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी करायची होती. ते मंजूरच झालं नाही. २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं.

समजा मंजूर झालं असतं. आजींच्या टाकीत पाणी आलं असतं का?

नसतं आलं, कारण हा कायदा आधी विचारतो, 'खर्च कोण देणार?' या माणसाला नेमकं काय हवंय, हे विचारणं त्यात कुणाचं कामच नाही. आपल्या राज्याच्या पेन्शन योजनेचं नाव बघा: श्रावणबाळ. काय सुंदर नाव आहे, आणि आपली सगळी अडचण त्यातच आहे. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं कावड उचलणारा मुलगा आहे. तो असला की प्रश्न मिटला. नसला की त्याला शोधा, नोटीस काढा. मुलगा बंगळुरूला आहे, तो दर महिन्याला पैसे न चुकता पाठवतो, आणि इथं प्रतापनगरात वडील तीन दिवस तेच बनियन घालून बसलेत, हे या कायद्याला दिसतच नाही. मूलबाळ नसलेल्यासाठी त्यात 'नातेवाईक' आहे, म्हणजे ज्याच्याकडे त्याची मालमत्ता आहे किंवा पुढे जाणार आहे असा वारस. तिथंही पुन्हा देणाराच शोधायचा.

त्याच २००७ साली स्कॉटलंडच्या संसदेनंही एक कायदा केला, 'अॅडल्ट सपोर्ट अँड प्रोटेक्शन अॅक्ट'. साल एकच, कायदे अगदी वेगळे. त्यांनी वय धरलं नाही. स्वतःचं हित, मालमत्ता किंवा हक्क सांभाळता न येणारा, इजा होण्याचा धोका असलेला, आणि अपंगत्व, मानसिक आजार, दुखणं किंवा अशक्तपणामुळे इतरांपेक्षा जास्त सहज इजा होईल असा माणूस त्यांनी धरला. वय १६ पासून पुढं कितीही. अशा माणसाबद्दल स्थानिक परिषदेला कळलं, किंवा तसं वाटलं, आणि हात घालावा लागेल असं दिसलं, की चौकशी करणं तिला बंधनकारक. तक्रारदार लागत नाही. परिषदेचा अधिकारी घरात जाऊन त्या माणसाला भेटू शकतो. त्यापुढचे संरक्षणाचे आदेश मात्र त्यानं नकार दिला तर निघत नाहीत. अपवाद एवढाच, की तो कुणाच्या दबावाखाली नाही म्हणतोय असं न्यायालयाला दिसलं तर.

इंग्लंडमध्ये १९४८ च्या कायद्यावर ठिगळं लावता लावता इतके कायदे साचले की त्यांच्या विधी आयोगानं २०११ च्या मे महिन्यात सगळ्याची एकच घडी बसवा असा अहवाल दिला. त्यातून २०१४ चा 'केअर अॅक्ट' आला. कलम ४२ मध्ये तीच चौकशीची सक्ती, आणि कलम १० मध्ये सांभाळणाऱ्याची सुद्धा विचारपूस: तुम्हाला हे झेपतंय का, तुम्हाला काय मदत हवी? हे वाचलं तेव्हा मला आमची ती सून आठवली. सकाळी डबे, मग शाळा, संध्याकाळी सासूचं सगळं. तिला कुणी कधी विचारलं? आपल्याकडे तर याच २००७ च्या कायद्याचा वापर सुनेला घराबाहेर काढायलाही व्हायला लागला. शेवटी २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला मिळालेला घरात राहण्याचा हक्क असा झटपट पुसता येणार नाही.

१९४८ च्या कायद्यात आणखी एक कलम होतं, ४७ वं. आजारी, वृद्ध माणूस घाणीत राहतो, नीट देखभाल होत नाही, तर त्याला घरातून उचलून नेता येत होतं. ते नव्या कायद्यानं रद्द केलं. 'संरक्षण' म्हटलं की आपल्याकडे आधी माणसाला उचलून कुठंतरी ठेवायचंच सुचतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. तिकडं सगळं आलबेल आहे असं समजू नका. काळजीच्या खर्चाला वरची मर्यादा घालायचं त्याच कायद्यात लिहिलं होतं. ती वर्षानुवर्षं पुढं ढकलली गेली आणि २०२४ मध्ये सरकारनं सोडूनच दिली. कायद्याला शाई लागते, अंमलाला पैसा.

कुणी म्हणेल, आपल्याकडेही भेटीची तरतूद आहे. आहे. केंद्राच्या नमुना नियमांत लिहिलंय, की पोलीस ठाण्यानं हद्दीतल्या ज्येष्ठांची, खास करून एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवावी आणि समाजसेवकाला सोबत घेऊन महिन्यातून एकदा भेट द्यावी. आता, दारात पोलीस आला की शेजारी काय म्हणतात ते तुम्ही सांगा. आणि आजी एकट्या कुठं राहत होत्या? भरल्या घरात होत्या.

मग जायचं कुणी? डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची माणसं तुमच्याकडे येतात की नाही? येतात. दार वाजवतात, मागच्या अंगणात जातात, कूलरच्या टाकीत टॉर्च मारून अळ्या बघतात, रजिस्टरमध्ये लिहितात. १० झोन, गल्लीगल्लीत पायी फिरणारी माणसं. टाकीत अळ्या आहेत का हे बघणारी यंत्रणा आपल्याकडे उभी आहे. त्याच कूलरसमोर पडलेल्या बाईला काही हवंय का, हे विचारणं कुणाच्या कामात लिहिलेलं नाही. माझं मागणं एवढंच आहे, ते लिहा. चौकशी महापालिकेवर आणि जिल्हा परिषदेवर कायद्यानं बंधनकारक करा, तिला प्रशिक्षित माणसं आणि वेगळं बजेट द्या. कायद्यात 'करता येईल' नको, 'केलीच पाहिजे' हवं. २००७ च्या कायद्यातलं कलम १९ बघा: प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम. पण राज्य ते 'स्थापन करू शकेल'! त्या 'शकेल'मध्ये सगळं विरघळतं.

आता जरा कागदपत्रांकडे. इथं तुमच्यातले बरेच जण सावध होऊन बसतील.

आपल्या राज्यात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीसपत्रानं द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वरचे अधिभार वेगळे. स्वस्त आहे, म्हणून लोक धडाधड करतात. कलम २३ सांगतं, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत घेता येते. पण सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या डिसेंबरात म्हटलं, अशी अट होती हे दिसलं पाहिजे, ती नुसती गृहीत धरता येणार नाही. २ जानेवारी २०२५ ला त्याच न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईला घर परत दिलं. तिथं मुलानं वेगळ्या कागदावर सांभाळण्याचं वचन लिहून दिलं होतं, ते तिला तारून गेलं. कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं सैल हातानं वाचावा, असंही न्यायालय म्हणालं. तरी मी तुम्हाला सांगते, अट बक्षीसपत्रातच लिहा. 'पोराला काय वाटेल' म्हणून अर्जनवीसाला ती ओळ खोडायला लावणारे वडील मी पाहिलेत.

आणि आममुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी. बायको म्हणते, 'यांनी माझ्या नावे करून ठेवलंय, आता चिंता नाही.' बाई, चिंता तिथंच सुरू होते. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ म्हणतं, मुखत्यार नेमणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारी संपली. म्हणजे स्मृतिभ्रंशानं त्यांना स्वतःची सही आठवेनाशी झाली, त्याच दिवशी तुमच्या हातातला कागद गेला. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्यानं असं मुखत्यारपत्र करता येतं जे माणसाची समज गेल्यावरही टिकतं. आपल्याकडे ते नाही. पालक नेमायचा १८९० चा कायदा अज्ञानांसाठी, म्हणजे वयात न आलेल्या मुलांसाठी. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती, २०१७ च्या कायद्यात ती राहिलीच नाही. बाकी तो कायदा चांगला आहे. नुसतं घरचे नेत नाहीत म्हणून माणसाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. (आपल्या गावात ऑटोवाला अजून 'पागलखाना चौक' म्हणतो, पण ते असो.) तेव्हा ७२ वर्षांच्या नवऱ्याच्या औषधांसाठी त्याचीच मुदत ठेव मोडायची, तर बायकोला रिट याचिका घेऊन सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयात जावं लागतं. ही फट संसदेनं बुजवायची आहे.

मानेवाड्याच्या आजींचं राहिलं. त्या संध्याकाळी मुलाला बसवून बोलले. चिडला आधी, 'शेजाऱ्यांनी भरवलं का तुम्हाला?' म्हणाला. मग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी प्लंबर आणून कूलरला थेट नळाचं कनेक्शन आणि फ्लोट लावून घेतला, टाकी आपोआप भरते. घंटीचं बटण डाव्या हाताला आणलं.

मागून हात वर आहे. बोला काका.

'पत्नीचं आममुखत्यारपत्र माझ्याकडं आहे. तिला दोन वर्षांपासून काही आठवत नाही. बँकेत चालवतो मी ते. चुकलं का?'

हेतू चुकला नाही, पण तो कागद आता चालत नाही काका. वापरणं थांबवा. उद्या अकरानंतर या. डॉक्टरांची कागदपत्रं, पासबुकं, ठेवींच्या पावत्या आणा, मुलं असतील तर त्यांचे पत्ते. आणि पत्नीलाही घेऊन या. त्यांना येणं जमत नसेल तर मी घरी येते. अर्ज त्यांच्याबद्दल करायचा आहे, मला आधी त्यांना भेटू द्या.