सावड

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, गेल्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आली. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या आदिवासींची उपचारविद्या शिकायची म्हणाली, आणि विचारलं, "किती दिवस लागतात?" तिला जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर सांगतो.

बोलिव्हियात, ला पाझच्या उत्तरेला, चाराझानी आणि कुर्वा या गावांच्या परिसरात कल्यावाया नावाचे वैदू राहतात. वैदूच म्हणतो, कारण ही माणसं पिढ्यान् पिढ्या औषधांची झोळी घेऊन गावोगाव पायी फिरली. सुमारे 980 वनस्पतींचं ज्ञान त्यांच्यापाशी आहे. युनेस्कोने 2003 मध्ये या परंपरेचा गौरव केला. मुलगा बापाबरोबर चालत चालत शिकतो. कुठल्या उंचीवर काय उगवतं, हे पायांना कळावं लागतं. उपचाराच्या वेळची त्यांची भाषाही वेगळी. व्याकरण केचुआचं, म्हणजे अँडीजमध्ये आजही बोलल्या जाणाऱ्या भाषेचं, आणि बरेच शब्द पुकिना या जुन्या भाषेचे. पुकिना बोलणारं आज कुणी उरलेलं नाही, पण आजाऱ्याच्या उशाशी तिचे शब्द अजून उच्चारले जातात. मला हे फार मोठं वाटतं. बायका गरोदर स्त्रियांची आणि मुलांची काळजी घेतात, विधींसाठी वस्त्रं विणतात.

आता आजार कसला, ते पाहा. मूल ओढ्याकाठी पडलं, दचकलं. मग जेवेना, झोपेत किंचाळू लागलं. आपण म्हणतो, पोराने धसका घेतला. तिथे याला 'सुस्तो' म्हणतात. भीतीने जीव तिथेच मागे राहिला, अशी समजूत. मग जाणता माणूस मुलाचा कपडा घेतो आणि नाव घेऊन त्या जिवाला घरी बोलावतो. यात औषध किती, आईबापांचा धीर किती, हे मी वेगळं काढू शकत नाही. काढावं असंही वाटत नाही. मात्र ताप चढला असेल तर डॉक्टरकडे जायचंच.

आणि कुठलाही विधी पाचामामाला, म्हणजे धरणीला, काही दिल्याशिवाय होत नाही. कोकाची नीट निवडलेली तीन पानं जुळवून धरायची, त्यांवर फुंकर घालून प्रार्थना करायची. यामागचा शब्द 'आयनी'. आयनी मुळात शेतातली. आज मी तुझ्या बटाट्याच्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या. आपल्याकडची सावडच ही! फक्त तिथे सावड डोंगराशीही असते, मातीशीही.

म्हणून त्या मुलीला विचारलं, तू काय देणार आहेस?

हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे. हिवतापावरचं क्विनाइन अँडीजच्या सिंकोना झाडाच्या सालीतून आलं. 1860 नंतर इंग्रजांनी ती झाडं निलगिरीत लावली. त्याच दशकात मानुएल इंक्रा मामानी या बोलिव्हियन आदिवासी माणसाने उत्तम जातीचं बी शोधून एका इंग्रज व्यापाऱ्याला दिलं. ते पुढे जावात रुजलं आणि तिथल्या मळ्यांची भरभराट झाली. मामानीला मात्र बी बाहेर दिलं म्हणून तुरुंगात टाकलं, मारहाण झाली, त्यातच तो गेला.

ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी केचुआ शिकते. निदान त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता येईल."