काचेतल्या पेशी आणि फणसांबा

(नौपाड्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फणसांबा कोणाकोणाला माहीत आहे? हात वर करा बघू. अर्धं सभागृह! ठाणं हा कोकणाचाच पुढचा थांबा, हे माझं जुनं म्हणणं. जुन्या फणसाच्या खोडाला येणारी ही लाकडासारखी टणक अळंबी. बाळाचं तोंड आलं की आजी ती सहाणेवर उगाळायची आणि बोटाने जिभेवर फिरवायची. अळंबीत औषध असतं, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

म्हणूनच माझी चूक झाली. वहिनी समोर बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगते. त्यांच्या कळव्याच्या घरी चहाच्या डब्यामागे रेशी अळंबीच्या कॅप्सूलची बाटली दिसली. वर लिहिलेलं, ‘स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचा प्रसार रोखते’. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या. हे वाक्य कुठून आलंय ते मला तिथंच कळलं. पण ही बाटली या घरात कशाला, हे मात्र नीट विचारलं नाही. ‘ताकदीसाठी गं,’ वहिनी म्हणाल्या आणि आम्ही पोहे खाल्ले. त्यांना तेव्हा चिंचोक्याएवढी गाठ होती. विकणाऱ्याने सांगितलेलं, पाच महिने घ्या, सुरी लागणार नाही. त्यांनी एक दिवस चुकवला नाही. बायोप्सी झाली तेव्हा आजार काखेत पोचला होता. मग शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन. त्या पाच महिन्यांचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

चिठ्ठी आली. सहा मिनिटं! मूळ विषय भरभर सांगते.

बाटलीवरच्या वाक्यामागचा प्रयोग असा: बारीक छिद्रांचा पडदा, त्यावर जेलीचा थर, वर पेशी. आक्रमक पेशी जेली विरघळवत खाली उतरते, उतरलेल्या मोजायच्या. नेहमीच्या पेशी एमडीए-एमबी-२३१ नावाच्या स्तनाच्या कर्करोगाच्या, टेक्सासमधल्या ५१ वर्षांच्या एका बाईच्या फुप्फुसाभोवतीच्या पाण्यातून १९७३ साली वेगळ्या केलेल्या. संशोधक डॅनियल स्लिवा यांच्या गटाने २००२ साली दाखवलं की रेशीने या पेशींची हालचाल मंदावते. वाट विरघळवणारं युरोकायनेज हे विकरही (एन्झाइम) त्या कमी सोडतात. २००८ साली फेलिनस लिंटियसने, म्हणजे आपल्या फणसांब्याच्या भाऊबंदाने, तशीच चुणूक दाखवली. २०१४ साली रेशीने उंदरांत फुप्फुसाकडचा फैलाव घटला. हे काम मला फार मोलाचं वाटतं, ते पुढे जायलाच हवं. पण ताटलीत अर्क थेट पेशीवर पडतो. गिळलेली कॅप्सूल पोट, आतडं, यकृत ओलांडून गाठीपर्यंत कितीशी पोचणार? जपानने १९७७ साली अळंबीपासूनच्या क्रेस्टिन या कर्करोगावरच्या औषधाला मान्यता दिली, तेही मुख्यतः केमोच्या जोडीला वापरलं गेलं.

आणि गाठ लवकर सापडण्याचं मोल दाखवणारा, २०२१ साली प्रसिद्ध झालेला टाटा मेमोरियलचा अभ्यास: मुंबईतल्या दीड लाख बायका, २० वर्षं. निम्म्या गटाच्या स्तनांची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, नुसत्या हातांनी तपासणी केली. त्या गटात पन्नाशीपुढच्या बायकांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या हातांनी!

आजीकडचा फणसांब्याचा तुकडा आणलाय, पुढच्या रांगेपासून फिरवा. वहिनी, पहिल्यांदा तुम्ही घ्या.