मराठीसाठी दोन दाबा, पण दाबायचं कुठे?

अध्यक्षमहाशय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘फोनचा प्रॉक्सिमिटी सेन्सर: दुरुस्त करावा की बंद?’ आयोजकांनी आधी मला विचारलं होतं, “सर, आरोग्यावर किंवा ज्ञानेश्वरीवर घेता का?” मी म्हटलं, त्यावर बोलणारी माणसं तुमच्याकडे दर महिन्याला येतात. फोन कानाशी आलाय हे ओळखणाऱ्या या सेन्सरवर बोलायला आजवर कोणी आलंय का? तर मला पंचेचाळीस मिनिटं मिळाली आहेत. ते समोरचं घड्याळ पुढे आहे असा माझा दाट संशय आहे, पण ते असो.

आधी हात वर करा. कॉल लागला की ज्यांची स्क्रीन काळी होते आणि फोन कानापासून लांब नेला तरी काळीच राहते, असे किती जण? बरेच आहेत की. आता उलटा त्रास असणारे: बोलता बोलता गालानेच म्यूट होतं, कॉल होल्डवर जातो, नाहीतर व्हिडिओ सुरू होतो आणि समोरच्याला तुमच्या कानाचं आतून दर्शन घडतं. हेही आहेत. राहिलेल्यांनी हात खाली ठेवायला हरकत नाही, तुमची पाळी यायची आहे.

मी उभी हयात आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्यामुळे थोडं शिकवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. फोनच्या वरच्या कडेला, जिथून आवाज येतो त्याच्या शेजारी, काचेखाली दोन बारीक खिडक्या असतात. एकीतल्या एलईडीतून, म्हणजे बारीकशा दिव्यातून, अवरक्त किरण बाहेर पडतात. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, टीव्हीच्या रिमोटमधून निघतात त्याच जातीचे. दुसरीत उजेड ओळखणारा एक फोटोडायोड बसलेला असतो. किरण गालावर आपटून परत आले की तो सांगतो, ‘कोणीतरी जवळ आलंय.’ बहुतेक फोनात हे जवळ म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर. सेन्सर एवढंच सांगतो, जवळ की लांब. ते ऐकून कॉल चालू असताना फोन स्क्रीन घालवतो, म्हणजे गालाने बटणं दाबली जाऊ नयेत. जाड काळ्याभोर केसांवरून हे किरण फारसे परतत नाहीत, म्हणून भरगच्च केसांच्या माणसाच्या कानाशी स्क्रीन मध्येच जागी होते. या सभागृहात तो त्रास कोणाला होईल असं दिसत नाही.

(हशा)

आता माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो, पुढे वेळ मिळेल न मिळेल. हा सेन्सर बिघडला तर तो बंद करायचं बटण मालकाला मिळालं पाहिजे, फोनच्या सेटिंग्जमध्ये, सरळ समोर. हे बटण देणं अवघड नाही, हे मी सिद्ध करणार आहे. पण त्याआधी माझ्यावर काय गुदरलं ते ऐका, म्हणजे मी एवढा का पेटलोय ते कळेल.

पावसाळ्यात माझा फोन पडला. डिस्प्ले फुटला. स्वतःला अधिकृत म्हणवणाऱ्या एका दुकानात, नाव घेत नाही, नवा कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्रच, बसवून घेतला. फोन चकाचक. घरी येऊन पहिला फोन केला बँकेला, पेन्शनच्या एका नोंदीबद्दल. बाईंचा गोड आवाज आला, “मराठीसाठी दोन दाबा.” मी फोन कानापासून काढला. स्क्रीन काळी. दोन कुठे दाबू? फोन हलवला, उन्हात धरला, चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. तोवर बाई हिंदीत आल्या. मग इंग्रजीत. मग म्हणाल्या, “आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही.” अहो, निवडायला द्याल तर ना! आणि शेवटी, “संपर्क केल्याबद्दल धन्यवाद.” माझ्याच बँकेने मला माझ्याच फोनवर वाटेला लावलं, आणि मला तो कॉल कापण्याचाही मान मिळाला नाही.

ही झाली बँक. खरी गंमत संध्याकाळी. सांगलीहून आमच्या वहिनींचा फोन आला. आलेला फोन घेता येतो, कारण घेईपर्यंत स्क्रीन जिवंत असते. घेतला की अंधार. आमच्या वहिनी स्वतः कधीही फोन कापत नाहीत, ते लाल बटण म्हणजे समोरच्याचा अपमान असं त्यांचं मत. सगळं बोलून झालं. त्या म्हणाल्या, “बरं, ठेवा भावोजी.” मी म्हटलं, “वहिनी, तुम्हीच ठेवा. मला ठेवता येत नाहीये.” पलीकडे एकदम शांतता. मग हळूच, “भावोजी, काय झालं? सूनबाई काही बोलली का?” मी म्हणतोय, “नाही हो, फोन बिघडलाय,” आणि त्या म्हणतायत, “आमच्यापासून काय लपवायचं? आमचे हेसुद्धा शेवटी शेवटी असंच करायचे.” अर्धा तास! रात्री पुतण्याचा फोन. “काका, उद्या येऊ का तिकडे?” त्याचाही फोन मला ठेवता आला नाही, हे वेगळं सांगायला नको.

कॉल कापायला म्हणून चिडून पॉवर बटण दाबत सुटू नका बरं का. आपल्याकडे २०१६ चा पॅनिक बटणाचा नियम आहे, स्मार्टफोनचं पॉवर बटण पटापट तीनदा दाबलं की आणीबाणीचा कॉल गेला पाहिजे. काही फोनांत ते पाचदा आहे. म्हणजे वहिनींचा फोन कापायला जावं आणि ११२ वर पोलीस यावेत. त्यांनी विचारलं असतं, “काय झालं?” आणि वहिनी म्हणाल्या असत्या, “बघा, मी म्हणत नव्हते?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या दुकानात. काउंटरवरच्या मुलाने फोन हातात न घेताच निदान केलं, “बोर्डाचा प्रॉब्लेम आहे, सर. बोर्ड बदलावा लागेल.” केवढ्याला? त्याने आकडा सांगितला. त्यात नवा फोन आला असता, आणि तेही त्यानेच मला समजावून सांगितलं, शोकेसकडे बोट दाखवून. मी म्हटलं, काल सकाळपर्यंत बोर्ड ठणठणीत होता, तू काच बदललीस आणि बोर्ड गेला? तो म्हणाला, “होतं असं कधी कधी.” मंडळी, या ‘होतं असं’वर आपला देश चाललाय.

मी पुण्याला गेलो, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. तिथे जिन्याखाली एक टेबल टाकून बसलेला पोरगा, वय असेल विशीचं. त्याने आधी काही न बोलता वरची टेम्पर ग्लास उचकटली आणि कॉल लावून पाहिला. तरी काळं. मग त्याने स्वतःच्या फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करून माझ्या फोनच्या वरच्या कडेवर धरला. त्याच्या स्क्रीनवर एक जांभळट ठिपका लुकलुकताना दिसला. पुष्कळ सेल्फी कॅमेऱ्यांना हे किरण दिसतात. “काका, एलईडी चालू आहे. बोर्ड बिर्ड काही नाही.” मी वर्गात जन्मभर सांगत आलो, आधी बघ, मग बोल. ते याला कोणी शिकवलं असेल?

मग गरम हवा देऊन त्याने डिस्प्ले उचलला आणि चिमट्याचं टोक त्या दोन खिडक्यांवर नेलं. म्हणाला, “रबर कुठाय?” त्या दोघींच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं काळं रबर असतं. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांमधली भिंत असते ना, तेच काम त्याचं. इकडचा उजेड तिकडे जायला नको. दुकानदाराने डिस्प्ले बदलताना जुन्यावरचं रबर नव्यावर चढवलंच नव्हतं, ते जुन्या काचेबरोबर कचऱ्यात गेलं. मग किरण बाहेर न जाता काचेच्या आतल्या बाजूवर आपटून थेट शेजारच्या खिडकीत. सेन्सर बिचारा प्रामाणिकपणे सांगतोय, ‘जवळ, जवळ, जवळ.’ पोराने डब्यातल्या एका मेलेल्या फोनचं रबर काढून बसवलं. चहा येईपर्यंत काम झालं. पैसे किती घेतले ते सांगत नाही, नाहीतर इथले काही जण परत जाऊन त्याच्याशी घासाघीस करतील.

आणि हे फक्त स्वस्त फोनचं दुखणं आहे असं समजू नका. २००७ मध्ये पहिला आयफोन दाखवताना ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी हा सेन्सर कौतुकाने सांगितला होता. तीनच वर्षांनी, २०१० मध्ये, आयफोन ४ च्या स्क्रीन लोकांच्या गालाशी जाग्या होऊ लागल्या. जुलैमध्ये अँटेनाच्या तक्रारींवर खास पत्रकार परिषद घ्यावी लागली, तिथे जॉब्ज यांनी या सेन्सरचंही कबूल केलं आणि दुरुस्ती सप्टेंबरमध्ये आयफोनच्या नव्या सॉफ्टवेअरमधून, आयओएस ४.१ मधून, आली. पुढे स्क्रीनभोवतीच्या कडा बारीक करण्याची हौस सुरू झाली आणि सेन्सरला जागाच उरेना. २०१६ च्या शाओमीच्या ‘मी मिक्स’ या फोनमध्ये तो काढूनच टाकला. त्याऐवजी नॉर्वेच्या एलिप्टिक लॅब्जचं तंत्र आलं: स्पीकरमधून ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि माईकने त्याचा प्रतिध्वनी पकडायचा. आज कमी किमतीच्याही कित्येक फोनांत असा आभासी सेन्सर आहे. तो बिघडला तर पुसायला खिडकीच नाही! त्यावर मला खरं म्हणजे…

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे. नंतर आभार व अल्पोपाहार.’ पस्तीस झाली? बरं. म्हणजे घड्याळ बरोबर होतं. तर भराभर घेतो, वह्या काढा.

स्क्रीन काळीच राहत असेल तर आधी टेम्पर ग्लास आणि कव्हर काढून बघा, वरची कड कोरड्या मऊ कापडाने पुसा, फोन बंद करून चालू करा. निम्म्या केसेस इथे सुटायला हरकत नाही. मग तपासणी. सॅमसंगवाल्यांनी कॉलच्या आकड्यांच्या पाटीवर स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश दाबायचं. शाओमी, रेडमीवाल्यांनी स्टार, हॅश, स्टार, हॅश, सहा, चार, आठ, चार, हॅश, स्टार, हॅश, स्टार. तपासणीचा मेनू उघडतो. त्यात सेन्सरची तपासणी निवडा, मग वरच्या खिडक्यांवर बोट ठेवा आणि काढा. ‘जवळ’, ‘लांब’ असं बदललं तर सेन्सर जिवंत आहे. बदललंच नाही आणि नुकताच डिस्प्ले बदललाय, तर त्या दुकानात जाऊन एकच वाक्य बोला, “रबर बसवलंत का?” चेहरा बघण्यासारखा होतो. रबर असूनही अडलं तर कॅलिब्रेशन हवं असतं, कारण काचेतून आत परतणारा थोडा उजेड हिशोबातून वजा करावा लागतो आणि नव्या काचेला जुना हिशोब चालत नाही. काही फोनांत ते त्याच मेनूत करता येतं.

दुरुस्त होतच नसेल तर वळसा. स्पीकर चालू असला किंवा इअरफोन लावला की फोन या सेन्सरला विचारत नाही, स्क्रीन चालू राहते. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टच, त्यात कॉल ऑडिओ राउटिंग, तिथे स्पीकर निवडा, प्रत्येक कॉल आपोआप स्पीकरवर येईल. घरातल्यांना तुमच्या सगळ्या गोष्टी ऐकू येतील, ते तुमचं तुम्ही बघा. अँड्रॉइडमध्ये पॉवर बटणाने कॉल संपवण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते, ती चालू करा. एकदाच दाबायचं, पोलीस आठवा. आणि व्हॉट्सॲपवर नातवाचा आवाजी निरोप लावला की आवाज एकदम बारीक होऊन स्क्रीन जाते, तोही याच सेन्सरचा प्रताप. फोनला वाटतं तुम्ही तो कानाला लावलाय. इअरफोन लावून ऐका.

आता बंद करणं. सेटिंग्जमधल्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ या लपवलेल्या मेनूत ‘सेन्सर्स ऑफ’ नावाचं बटण अँड्रॉइड १० पासून मिळतं. ते दाबलंत तर कॅमेरा आणि माईकही ॲपना मिळेनासे होतात. रोगापेक्षा औषध भयंकर. फोन रूट करून, म्हणजे कंपनीची कुलपं तोडून, आतल्या फाईलमध्ये एक ओळ घालायचा सल्ला तुमचा भाचा देईल. ती ओळ सगळ्या फोनांवर चालत नाही, आणि रूट केलेल्या फोनवर बँकेची ॲप रुसतात. त्या भानगडीत पडू नका.

माझं मुख्य म्हणणं राहिलंच. सेन्सर स्क्रीन बंद करत नाही. तो फक्त ‘जवळ’ किंवा ‘लांब’ सांगतो. अँड्रॉइडमध्ये कॉलचं जे ॲप असतं, ते कॉल लागल्यावर यंत्रणेला विनंती करतं, ‘जवळ आलं तर स्क्रीन घालव.’ ही विनंती केली नाही तर स्क्रीन जात नाही. म्हणजे बटण द्यायचं तर त्या ॲपने विनंती करायच्या आधी मालकाची इच्छा बघायची, इतकंच. जुन्या काही सॅमसंग फोनांत कॉलच्या सेटिंग्जमध्ये हे बटण होतं. मग काढलं. का काढलं, ते कंपनीला विचारा. मला विचाराल तर बोर्ड बदलायला माणूस दुकानात आला पाहिजे ना!

आणि हे नुसतं तोंडाने म्हणत नाही मी. ‘फॉसिफाय फोन’ नावाचं अँड्रॉइडचं कॉलचं ॲप आहे, फुकट, स्वयंसेवकांनी चालवलेलं. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉलदरम्यान प्रॉक्सिमिटी सेन्सर बंद ठेवा’ अशा अर्थाचं इंग्रजी बटण आहे. ॲप उतरवा, फोनचं मुख्य कॉल ॲप म्हणून निवडा आणि ते बटण चालू करा. मग मात्र बोलताना फोन गालापासून जरा लांब धरायचा, नाहीतर दुसऱ्या गटातल्या लोकांसारखे तुम्ही कुणाला तरी कान दाखवत बसाल. बँकेच्या बाईंना ‘दोन’ दाबायला आता अडचण नाही. पुढे त्या पंधरा मिनिटं सनई ऐकवतील, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

हो हो, थांबतोय. प्रश्न चहाच्या टेबलापाशी घेऊ. ज्यांनी पहिल्यांदा हात वर केला त्यांनी फोन घेऊन या. टेम्पर ग्लास उचकटायला मी पातळ पट्टी आणली आहे, नवी ग्लास मात्र तुम्हाला विकत घ्यावी लागेल.