बॉब्सची पदकं आणि बॉब्सच्या फायली

मागच्या वेळी कोणीतरी चिठ्ठी पाठवली होती की व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, मिळालेल्या एखाद्या इंग्रज अधिकाऱ्यावर बोला, नेहमी आपलेच सरदार काय घेऊन बसता. ठीक आहे, बोलू. फ्रेडरिक रॉबर्ट्स. सैनिक त्याला लाडाने ‘बॉब्स’ म्हणायचे. लहानखुरा माणूस, पाच फूट चारेक इंच, लहानपणीच्या आजारात एका डोळ्याची नजर गेलेली, आणि मांजराची भीती. हो, मांजराची. तोफांसमोर उभा राहणारा माणूस खोलीत मांजर आलं की कासावीस व्हायचा.

जन्म कानपूरचा, ३० सप्टेंबर १८३२. बाप अब्राहम रॉबर्ट्स कंपनी सरकारच्या फौजेत, पुढे जनरल झाला. पोराला शिकायला इंग्लंडला पाठवलं, ईटन, सँडहर्स्ट, मग कंपनीची अ‍ॅडिस्कोंबची लष्करी शाळा, आणि १८५२ ला विशीच्या आतला हा पोरगा बंगाल तोफखान्यात अधिकारी होऊन परत आला. पाच वर्षांत सत्तावन उजाडलं.

आता सत्तावनचे किस्से बरेच आहेत, मी दोनच सांगतो. दिल्लीच्या वेढ्यात १४ जुलैला त्याच्या पाठीवर गोळी बसली, मणक्याच्या अगदी जवळ. कमरेच्या पट्ट्याची चामड्याची थैली सरकून नेमकी मागे गेली होती, गोळी तिच्यातून आली म्हणून जोर गेला, नाहीतर आज आपण दुसऱ्याच कोणावर बोलत असतो. दुसरा किस्सा पदकाचा. २ जानेवारी १८५८, फर्रुखाबादजवळ खुदागंज. बंडवाले हटत होते, रिसाला पाठलागावर, त्यात रॉबर्ट्सला दोन शिपाई निशाण घेऊन निघालेले दिसले. याने घोडा घातला, निशाणाची काठी धरली, झटापट चालू असताना दुसऱ्या शिपायाने बंदूक याच्या अंगाला लावून चाप ओढला, आणि बार उडालाच नाही. बंदुकीच्या दारूला पेटवणारी टोपी फुसकी निघाली. निशाण घेऊन साहेब परत. त्याच दिवशी एका सवारालाही त्याने वाचवलं होतं, दोन्ही मिळून व्हिक्टोरिया क्रॉस.

इथे एक गोष्ट मधेच सांगतो, नाहीतर राहून जाईल. तो सवार समजा असाच निशाणावर तुटून पडला असता तर त्याला हे पदक मिळालं नसतं. हिंदी सैनिकाला १९११ पर्यंत व्हिक्टोरिया क्रॉस मिळूच शकत नव्हता, नियमातच नव्हतं. त्याच्यासाठी वेगळा ऑर्डर ऑफ मेरिट. एकाच लढाईत एकच शौर्य, पण पदकाचं खातं वेगळं.

आणि याच तरुण रॉबर्ट्सची सत्तावनमधली घरी लिहिलेली पत्रंही आहेत. तोफेच्या तोंडी बांधून उडवण्याबद्दल तो लिहितो, की दिसायला भयंकर आहे पण सध्याच्या दिवसांत असल्या नाजूकपणाला जागा नाही. सूर थंड आहे. पत्र लिहिणारा पंचविशीचा पण नाही. शूर होता हे मला मान्य आहे, पण पदकाबरोबर ही पत्रंही टेबलावर ठेवायची.

बरं, पदक मिळाल्यावर लोकांना वाटतं हा माणूस आता आयुष्यभर तलवार उपसून फिरला असेल. अजिबात नाही. पुढची वीस वर्षं तो क्वार्टरमास्टर जनरलच्या खात्यात होता. म्हणजे काय, तर तंबू कुठे ठोकायचे, उंट किती लागतील, पीठ कुठून येणार, पाणी पुढच्या मुक्कामाला आहे का. १८६७-६८ ला अ‍ॅबिसिनियाची, म्हणजे आजच्या इथिओपियाची मोहीम मुंबईतून निघाली, त्यात हा होता, पण लढाईला नाही तर झुला बंदरावर माल उतरवायला आणि चढवायला. १८७१-७२ ला लुशाई टेकड्यांची, म्हणजे आजच्या मिझोरामची मोहीम, तिथेही वाटा काढणं आणि रसद. त्याने आपला लाडका पांढरा अरबी घोडा मुंबईत घेतला होता, त्याचं नाव व्होनोलेल, ते एका लुशाई सरदाराचं नाव. या घोड्याला पुढे राणीच्या परवानगीने अफगाण युद्धाचं मेडल मिळालं, डब्लिनला त्याची कबर आहे. घोड्याला मेडल! वरच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या नियमाशेजारी ठेवून बघा.

खरी सेना हाताखाली आली ती १८७८ ला, दुसऱ्या अफगाण युद्धात, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. पेवार कोतलच्या खिंडीत रात्रीतून वळसा घालून अफगाणांची बाजू मोडली, नाव झालं. मग खोस्तमध्ये गावं जाळली, त्याबद्दल लंडनच्या ‘स्टँडर्ड’ पेपरच्या बातमीदाराने तिखट लिहिलं तर त्याला कॅम्पातून बाहेर काढलं. पेपरवाले किती महत्त्वाचे हे बॉब्सला फार लवकर कळलं होतं, आणि बाकीच्या जनरलांना ते शेवटपर्यंत कळलं नाही हे माझं मत.

३ सप्टेंबर १८७९ ला काबूलमध्ये इंग्रज सरकारचा राजदूत कॅव्हान्यारी आणि त्याचे लोक मारले गेले. रॉबर्ट्स निघाला, ६ ऑक्टोबरला चारासियाबला लढाई जिंकली, काबूल घेतलं, मार्शल लॉ लावला, चौकशी कमिशन बसवलं आणि काबूलच्या बाला हिसार किल्ल्यात, जिथे कॅव्हान्यारीच्या रेसिडेन्सीचे जळके अवशेष होते तिथेच, फाशीचे खांब उभे केले. ऐंशीहून जास्त लोक लटकवले. कित्येकांचा गुन्हा एवढाच की ते इंग्रज फौजेशी लढले, म्हणजे आपल्या देशात घुसलेल्या फौजेशी लढले. विलायतेतसुद्धा यावरून आरडाओरडा झाला. डिसेंबरात आख्खा मुलूख उठला आणि बॉब्सला शेरपूरच्या छावणीत कोंडून घ्यावं लागलं.

आता येतो मैवंद. आपला महाराष्ट्राचा संबंध इथून सुरू होतो म्हणून जरा थांबू. २७ जुलै १८८०, कंदाहारच्या पश्चिमेला. जनरल बरोज, अडीचेक हजार माणसं, त्यात ६६ वी गोरी पलटण सोडली तर बहुतेक सगळे मुंबई इलाख्याचे, बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्स रायफल्स, बॉम्बेचा रिसाला आणि आपल्या खडकीचे सॅपर्स, म्हणजे रस्ते-पूल-खंदकवाले सैनिक. समोर अफगाण राजघराण्यातला अयूब खान, माणसं कित्येक पट आणि तोफा यांच्या बारा तर त्याच्या तीसेक. जुलैचं ऊन, प्यायला पाणी नाही, ओढ्यातून मागून येऊन वेढणारे गाझी, म्हणजे धर्मासाठी लढणारे. डावीकडे जेकब्स रायफल्समध्ये बरेच कोवळे रंगरूट होते, त्यांच्या जोडीच्या तोफा दारूगोळा संपल्यावर मागे घेतल्या आणि ती बाजू फुटली, फुटली ती ग्रेनेडियर्सवर आदळली, ते गोऱ्या पलटणीवर. साडेनऊशेच्या वर माणसं मेली, त्यातले साडेतीनशेहून जास्त एकट्या ग्रेनेडियर्सचे, म्हणजे अर्ध्याहून जास्त पलटण. एका बागेत लेफ्टनंट हेन आणि त्याचे मूठभर बॉम्बे सॅपर्स गोऱ्या शिपायांबरोबर शेवटपर्यंत लढून मेले. उरलेले कंदाहारच्या तटाआड.

काबूलहून मदत न्यायचं काम रॉबर्ट्सला मिळालं. आणि इथे त्याची वीस वर्षांची उंट-पिठाची नोकरी कामी आली. दहा हजार सैनिक, वर सात-आठ हजार बाजारबुणगे, हजारो जनावरं, चाकाची एकही तोफ नाही, सगळ्या डोंगरी तोफा खेचरांवर. ९ ऑगस्टला निघाले, ३१ ला कंदाहार. पाचशे किलोमीटर. पंढरीच्या वारीत दिंडीची व्यवस्था ज्यांनी अंगावर घेतलीये त्यांना कळेल, एवढ्या लोकांना रोज वेळेवर उठवणं, चालवणं, खायला घालणं आणि कोणी मागे पडलं तर उचलून आणणं म्हणजे काय. मागे पडलेला माणूस पठाणांच्या हाती लागला तर संपला, म्हणून पिछाडीची तुकडी रोज रात्री उशिरा मुक्कामाला पोचायची. शेवटी शेवटी साहेब स्वतः तापाने फणफणले, डोलीत पडून चालले होते, कंदाहार दिसल्यावर कसेबसे घोड्यावर बसले. १ सप्टेंबरला अयूब खानाला हरवलं.

वाटेत लढाई जवळजवळ झालीच नाही, कारण नवा अमीर अब्दुर रहमान याला इंग्रज लवकर जायला हवे होते, त्याने वाटेतल्या लोकांना गप्प बसवलं. त्याच वर्षी डोनाल्ड स्ट्युअर्ट उलट्या दिशेने कंदाहारहून काबूलला आला होता, वाटेत अहमद खेलला मोठी लढाई करून, पण त्याचं नाव आज इथे किती जणांनी ऐकलंय? बघा, एकही हात वर नाही.

कंदाहारात पोचल्यावर बॉब्सने काय बघितलं, तर हिरमुसली मुंबईची फौज. आत्मचरित्रात तो लिहितो की यांनी हार मानल्यासारखं केलं होतं, मदत अगदी जवळ येईपर्यंत झेंडासुद्धा चढवला नव्हता. आणि त्याच्याबरोबर काबूलहून कोण आलं होतं? गुरखे, शीख, पंजाबी, हायलंडर. मनात हिशोब झाला. मैवंदची हार पाण्याची होती, तोफांची होती, बरोजच्या निर्णयांची होती, पण बॉब्सच्या डोक्यात ती वंशाची झाली.

एवढ्यावर राहतं तर एका जनरलचं मत म्हणून सोडून दिलं असतं. पण १८८१ ते ८५ तो मद्रासचा सेनापती आणि १८८५ ते ९३ सगळ्या हिंदुस्थानचा. तिथे मतं फायलीत जातात. उत्तरेकडच्या ‘लढवय्या जाती’ भरती करा, दक्षिणेकडची माणसं शांततेत राहून मऊ पडलीत. आत्मचरित्रात दक्षिणेच्या लोकांना त्याने सरळ बायकी म्हटलंय. मराठे पूर्ण बंद झाले नाहीत, पण महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास थांबली. ज्यांची नावं भीमा कोरेगावच्या खांबावर कोरलीत त्यांना सांगितलं, तुम्ही लढवय्ये नाही. आणि या मागे दुसरी सोय पण होती, उच्चवर्णीय हवालदार-सुभेदारांना अस्पृश्य वरिष्ठ नको होता, नव्या पद्धतीच्या जातवार कंपन्यांमध्ये ते सोपं झालं.

पलटण बंद म्हणजे नुसता पगार बंद नाही. पलटणीत शाळा होती, पोरांना शिकावं लागायचं. रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत हेडमास्तर होते, त्यांच्या घरात महूच्या छावणीत १८९१ ला बाबासाहेब जन्मले. त्याच सुमारास दार बंद झालं. कोकणात दापोली-महाड भागात महार पेन्शनरांची वस्ती मोठी, त्यातलेच गोपाळबाबा वलंगकर, निवृत्त हवालदार, यांनी १८९४ ला विनंतीपत्र तयार केलं की आमची भरती परत सुरू करा. त्यात युक्तिवाद काय, तर आम्ही मूळचे क्षत्रिय. सरकार जात बघून शूरपणा ठरवतंय म्हटल्यावर अर्जदाराला पण जातीच्याच भाषेत उत्तर द्यावं लागलं, याचा मला जास्त त्रास होतो. १९१० ला पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी परत अर्ज केला, थेट भारतमंत्र्याकडे, सैन्य आणि पोलिसात घ्या म्हणून.

बॉब्स तोवर कुठल्या कुठे गेला होता. डिसेंबर १८९९, दक्षिण आफ्रिकेत बोअरांनी, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांनी, इंग्रजांना एका आठवड्यात तीनदा मारलं. १५ तारखेला कोलेन्सोला तोफा सोडवायला गेलेल्यांत बॉब्सचा एकुलता एक मुलगा फ्रेडी होता, दोन दिवसांनी तो गेला. त्याला पण व्हिक्टोरिया क्रॉस. सदुसष्ट वर्षांच्या बापाला सेनापतिपद मिळालं आणि मुलगा गेल्याची बातमी कळली, दोन्ही जवळजवळ एकाच वेळी. आणि गंमत बघा, फ्रेडीला नेण्याचं काम ज्या इंडियन अँब्युलन्स कोअरने केलं त्यात गांधीजी होते. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय, त्या दिवशी भयंकर उकडत होतं, सगळे पाण्यासाठी तळमळत होते, वाटेत एक बारकासा झरा लागला, तर पहिल्यांदा कोणी प्यायचं यावर गोरे सोल्जर आणि हिंदी डोलीवाले एकमेकांना आग्रह करत बसले.

आफ्रिकेचं मी पटकन उरकतो. गेल्या गेल्या त्याने आणि त्याच्या हाताखालच्या जनरल किचनरने पलटणींची गाडी-व्यवस्था मोडून एकत्र केली आणि वॉटरव्हाल ड्रिफ्टला बोअर सेनानी डी वेटने रसदीच्या दीडशेच्या वर गाड्या पळवल्या. वीस वर्षं रसद सांभाळलेल्या माणसाकडून हे! तरी २७ फेब्रुवारी १९०० ला बोअर जनरल क्रोन्ये शरण आला, मार्चमध्ये ब्लूमफाँटेन, ५ जूनला प्रिटोरिया. ब्लूमफाँटेनला सैनिक टायफॉइडने शेकड्यांनी मेले. बोअर गनिमी काव्यावर उतरले तेव्हा शेतघरं जाळायचे हुकूम रॉबर्ट्सनेच सुरू केले, नंतर किचनरच्या छावण्यांत बायकापोरं हजारोंनी मेली, बोअरांचीही आणि काळ्या आफ्रिकी लोकांचीही. बॉब्स तोवर घरी, अर्ल झाला, पार्लमेंटने एक लाख पौंड दिले.

नोव्हेंबर १९१४ ला, ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा फ्रान्सला हिंदी सैनिकांना भेटायला गेला, थंडी बाधली, न्यूमोनिया होऊन १४ तारखेला सेंट ओमेरला वारला. सेंट पॉल्समध्ये पुरलं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी दिली, की महारांची भरती परत सुरू कधी झाली. १९१७ ला. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात अडकून, उपाशी राहून लढल्या तेव्हा बॉब्स वारलेला होता. दुसऱ्या महायुद्धात यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस, घाडगेंना मरणोत्तर. महारांना मात्र १९४१ पर्यंत थांबावं लागलं, बेळगावला नवी रेजिमेंट उभी राहिली तेव्हा बाबासाहेब पन्नाशीचे होते आणि सरकारच्या मागे लागणाऱ्यांत ते स्वतः होते.