बार्जीवरचा दासबोध

(दृश्य: सारमानसची जेटी, सकाळ.)

गोव्यात डिचोलीजवळच्या ह्या जेटीवरून खनिज भरलेल्या बार्जी मांडवीतून मुरगाव बंदराकडे जायच्या. बाबा अशाच एका बार्जीवर कामाला होते. भरतीची वाट बघत तासन् तास थांबून राहायचं, आणि त्या वेळात मोबाइलवर दासबोध वाचायचा. २०१२ साली खाणी बंद झाल्या, बार्ज थांबली आणि फोन कपाटात गेला.

(दृश्य: जुना फोन, अगदी जवळून.)

पाचच्या बटणावरचा आकडा पार पुसला गेलाय. पान उलटायचं ते ह्याच बटणानं.

आता बाबांना बारीक अक्षर दिसत नाही. मोठ्या टायपातला छापील दासबोध मिळतो, पण त्यांना त्यांचा तोच हवा होता.

फोनच्या मेमरी कार्डात पुस्तक होतं जार फाइलच्या रूपात. म्हणजे जावा ह्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं छोटं ॲपच. वाचायची सोय आणि मजकूर एकाच गाठोड्यात. आजचे फोन ते थेट चालवत नाहीत. पण जार ही मुळात झिपच. नावाच्या शेवटचं जार खोडून झिप लिहिलं की गाठोडं सुटतं. आमच्यातून मजकुराच्या २०० फाइली निघाल्या. २० दशक, दर दशकात १० समास. हिशेब चोख लागला! पहिली फाइल उघडली तर नुसती चिन्हांची खिचडी. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ निवडलं, आणि काना-मात्रा न हलता देवनागरी उमटली. सगळ्या फाइली ओळीनं जोडल्या, कॅलिबर ह्या संगणकावरच्या प्रोग्रॅमनं त्यांचं ईपब, म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येणारं ई-पुस्तक, केलं.

सगळीच पुस्तकं अशी सुटत नाहीत. तेव्हा कित्येक फोनांना देवनागरी येतच नसे, म्हणून काहींनी पानांची चित्रंच आत घातली. इवल्या पडद्यापुरती ती चित्रं, मोठी केली की अक्षर फुटतं. अशांसाठी अँड्रॉइडवर जे२एमई लोडर नावाचं ॲप आहे. ते जुन्या फोनसारखं वागतं, बटणंसुद्धा पडद्यावर आणतं.

एक गोष्ट मात्र जारबरोबर येत नाही: वाचनाची खूण. ती फोनच्या स्वतःच्या मेमरीत राहते. म्हणून सांगते, मजकूर निघाला तरी फोन टाकू नका.

(दृश्य: फोनचा पडदा उजळतो.)

बारीक पिनेचा चार्जर शेजारी मिळाला. पुस्तक उघडलं. दशक बारावा, समास पहिला.

"हो, इथंच होतो," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बार्ज सुटलीच नाही."

टॅबवरच्या पुस्तकातही खूण मी तिथंच घातली.