दोन नेक, एक मनगट

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातली माडी. खिडकीत कूलर. चार पायांवर आडवी गिटार.)

मे महिना. रियाजाला बसलो की कूलर बंद करावा लागतो, त्याच्या घरघरीत सुराची लांबण ऐकूच येत नाही. पाच मिनिटांत हात घामाने थबथबतो.

ही डबल-नेक पेडल स्टील, पेडल दाबून तारांचा सूर बदलता येणारी गिटार. दहा-दहा तारांचे दोन नेक, म्हणजे तारा ताणलेल्या दोन पट्ट्या. प्रत्येकाची जुळणी वेगळी. पलीकडचा ई-नाइन, कंट्री संगीताचा. पोटाजवळचा सी-सिक्स, स्विंग-जॅझच्या वळणाचा. डाव्या हातात तारांवर सरकवायचा पोलादी बार, पाय पेडलांवर, गुडघे लिव्हरला. बघणाऱ्याचं लक्ष तिकडेच जातं. उजव्या हाताकडे मीही कित्येक महिने लक्ष दिलं नव्हतं.

मी शिकलो मांडीवरच्या हवाइयन गिटारवर. तिथे एकच नेक, कोपर अंगालगत. तीच सवय इथे आणली. पलीकडच्या नेकवर जायचं तर कोपर तसंच ठेवून मनगट पुढे ताणायचो. मग कळ सुरू झाली. पाण्याचा तांब्या उचलवेना.

(दृश्य: उजवा हात, अगदी जवळून.)

अंगठ्याला प्लास्टिकची नखी, शेजारच्या दोन बोटांना धातूच्या. अनामिका, करंगळी आत वळलेल्या. आता करंगळीकडची तळव्याची कड बघा, तारांवर अलगद टेकली आहे. तार छेडताना ती केसभर उचलायची, सूर थांबवायचा की परत टेकवायची. याला पाम ब्लॉकिंग म्हणतात. पेडल स्टीलचा स्वच्छपणा मला तरी सगळ्यात जास्त इथेच दिसतो. मनगट वाकडं झालं की कड नीट बसत नाही, आणि नको त्या तारा गुणगुणत राहतात.

म्हणून नेक बदलताना अख्खा हात खांद्यापासून सरकवायचा. कोपर पुढे जाईल, मनगटाचा कोन तोच राहील. सी-सिक्सवर परतताना कोपर मागे, बरगडीच्या जरा बाहेर. तिथे खांदा नकळत वर चढतो, तो खाली सोडायचा.

ई-नाइन वाजवताना हाताचा पुढचा भाग सी-सिक्सच्या तारांवर येतो. काही जण तो तिथेच टेकवतात. नागपूरच्या घामाने त्या तारा गंजतात. उन्हात डोक्याला बांधतो तोच दुपट्टा मी घडी करून त्यांच्यावर टाकतो.

(दृश्य: दुपट्टा निघतो. हात मागे येतो. नेक बदलायचा खटका पडतो, सी-सिक्स सुरू.)

रोज पंधरा मिनिटं एवढंच. आठ ठोके पलीकडे, आठ अलीकडे. बार बाजूला, नजर मनगटावर.