ढाप्यावरची सायकल

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या गावात फुटपाथ आला त्याला आता चार वर्षं होतील. ‘आला’ म्हणतो, कारण तो कोणी मागितला नव्हता. गावातून जाणारा राज्य मार्ग सिमेंटचा झाला, दोन्ही बाजूंनी नाल्या काढल्या, नाल्यांवर ढापे टाकले, ढाप्यांवर लाल-पिवळे गट्टू बसवले, आणि ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं, हा तुमचा फुटपाथ. त्याआधी आमच्याकडे रस्ता म्हणजे एकच. मधून एसटी जायची, कडेनं बंडी, बंडीच्या कडेनं सायकल आणि सायकलच्याही कडेनं डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई. ते बरं होतं असं मी म्हणत नाही. पण तेव्हा आजचा प्रश्न नव्हता, की चालणाऱ्याच्या फुटपाथवर सायकलवाल्यानं चढावं का?

मला तो पडला मावशीमुळे. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट, कापूस वेचणीचे दिवस. मावशी 74 वर्षांची. चक्कीवरून ज्वारीचं दळण घेऊन ती ढाप्यावरून घरी येत होती, डबा कमरेवर. मागून आठवी-नववीतला एक पोरगा सायकलवर आला. हँडल तिच्या कोपराला लागलं, डबा उलटला, मावशी हातावर पडली आणि मनगट मोडलं. मी धावत पोचलो तेव्हा गट्टूंच्या फटीफटींत पीठ बसलं होतं. पोरगा दोन्ही हातांनी ते ओरबाडून डब्यात भरत होता आणि रडत होता.

मी ओरडलो, “काऊन रे, हा फुटपाथ काय सायकलीसाठी हाय?”

“म्या घंटी वाजवली होती जी काका,” तो म्हणाला. “रोडवर कापसाची टॉली होती.”

घंटी त्यानं वाजवली असेल. मावशीला कमी ऐकू येतं. दवाखान्यात प्लास्टर चढत असताना ती मला म्हणाली, “फटफटी आली तं आयकू येते बाप्पा, बंडी आली तं घुंगरू वाजते. सायकलीचे पाय वाजत नाई.”

चालणाऱ्याची बाजू मला याहून नीट मांडता येणार नाही. माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, सायकल आरामात पंधरानं जाते. शिवाय माणूस सरळ रेषेत चालत नाही. कोणी हाक मारली की थांबतो, चपलेचा अंगठा तुटला की वाकतो, हातातलं लेकरू ओढ घेतं तिकडे सरकतो. रस्त्यावर असं करता येत नाही, म्हणून तर फुटपाथ असतो. जिथं दर दहा पावलांना मागं वळून पाहावं लागतं, तिथं गट्टू बसवून काय फायदा?

तरी त्या पोराचं ‘टॉली होती’ डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी माझी जुनी सायकल काढली, हवा भरली आणि शाळेच्या वेळेला त्याच्याच वाटेनं निघालो.

आमच्या रस्त्याची कड तुम्ही पाहिलेली नाही, पण तुमच्या गावची पाहिली असेल. दोन्ही सारख्याच असणार. सिमेंटचा थर बाजूच्या मातीपेक्षा वीतभर उंच. ती साईडपट्टी मुरूम घालून, दाबून रस्त्याच्या बरोबरीला आणायची असते. आमच्याकडे टाकलेला मुरूम दोन पावसाळ्यांत नालीत गेला आणि पुन्हा कोणी भरला नाही. मी कडेकडेनं चाललो होतो. मागून ट्रॅक्टर आला. कापसाची ट्रॉली तुम्हाला माहीत आहे, जाळी बांधून फुगवलेली, दोन्ही अंगांनी हात हातभर बाहेर आलेली. त्यानं हॉर्न दिला, मी डावीकडे घेतलं आणि पुढचं चाक कडेवरून खाली मातीत उतरलं. आता वर यायला हँडल उजवीकडे वळवावं, तर टायर सिमेंटच्या कडेला घासत नुसता पुढं सरकतो, चढत नाही. जोर लावला तर सायकल अडते आणि माणूस उजवीकडे पडतो. उजवीकडे ट्रॉलीचं चाक. मी पाय टेकवला म्हणून वाचलो. पुढच्या घरासमोर नालीवर उताराचा रपटा होता. सांगायला लाज वाटते, पण तिथून मी सायकल सरळ फुटपाथवर घातली. कालच ज्या कारणानं एका पोरावर ओरडलो होतो, तेच केलं.

ढाप्यावर माझ्यापुढं सात-आठ मुली होत्या, एकामागं एक, दोन वेण्या, हँडलसमोर टोपली. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्यातल्याच त्या. पूर्वी आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या मुली सातवीनंतर घरी बसायच्या, कारण चार किलोमीटर पायी कोण धाडणार? आज त्या दहावीला बसतात. त्या सायकलीनं फार मोठं काम केलं आहे. फक्त ती चालवायची कुठं, हे सायकल देताना कोणी सांगितलं नाही.

आता कायद्याचं. सायकल मोटार वाहन कायद्यात मोटार गाडी ठरत नाही, तेव्हा लायसन नाही, चालान नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण आपल्याकडे 1951 चा पोलीस कायदा आहे, आधी मुंबईच्या नावाचा होता, आता महाराष्ट्राच्या नावाचा आहे. त्यात लिहिलं आहे की पादचारी मार्गावर जनावर किंवा वाहन चालवू नये, उभंही करू नये. लेकराची ढकलगाडी तेवढी चालते. आणि 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अडथळे नसलेला, अपंग माणसालाही वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे मावशीचं दळण घेऊन चालणं थेट घटनेत बसलं.

चालायला मोकळी जागा निदान 1.8 मीटर असावी, असं रस्ते बांधणाऱ्यांच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मी टेप घेऊन आमचा ढापा मोजला. 1.2 मीटर. त्यात विजेचा खांब. खांबापुढं पानठेला. पानठेल्यापुढं उभ्या मोटारसायकली. मुलींना “उतरा खाली” म्हणून दटावणाऱ्यांत ज्याचा आवाज सगळ्यात मोठा, त्याचीच गाडी तिथं स्टँडवर लावलेली असते. हे मी नाव न घेता सांगतो, ऐकत असेल तर ऐकत असेल.

इतर देशांनी यावर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. जर्मनीत आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी फुटपाथवरूनच सायकल चालवायची, दहापर्यंत चालवली तरी चालते, त्यापुढं रस्त्यावर. आणि फुटपाथवरच्या मुलानं रस्ता ओलांडताना उतरायचं. जपानमध्ये तेरा वर्षांखालच्यांना आणि सत्तरी गाठलेल्यांना मुभा आहे. मला यात आवडलं ते हे, की दोन्हीकडे प्रश्न ‘सायकल की पायी’ असा मांडलेला नाही. सायकलवर कोण बसलंय ते पाहिलं आहे. आणि रस्ता ओलांडताना उतरण्याची अट फार शहाणपणाची आहे. फुटपाथवरून आलेली सायकल गल्लीच्या तोंडाशी अचानक पुढं येते, वळणारा मोटारसायकलवाला रस्त्याकडे पाहत असतो, ढाप्याकडे नाही. तिथं फुटपाथच सायकलवाल्याला धोक्याचा.

मला विचाराल तर मोठ्या माणसानं फुटपाथवर सायकल चालवू नये, मीही नाही. चढावंच लागलं तर सीटवरून उतरावं आणि ढकलत न्यावी. हातात धरलेली सायकल म्हणजे चालणारा माणूसच, थोडा रुंद. प्राथमिक शाळेच्या लेकरांना वर राहू द्यावं, पण सावकाश. बाजाराच्या दिवशी कोणीच नाही. आणि आठवी ते बारावीच्या मुली? इथं माझं उत्तर अडतं. शंभर पावलांचा टप्पा असेल तर उतरून चाला असं म्हणेन. पण आमच्या गावचा ढापा जवळजवळ एक किलोमीटर आहे. रोज दोन वेळा किलोमीटरभर सायकल ढकलत ने, असं त्या मुलीला सांगायला माझी जीभ रेटत नाही. साईडपट्टी जोवर भरत नाही, तोवर तिला ‘रस्त्यावर जा’ म्हणायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

2022 मध्ये आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर पाच दिवसांच्या आत 75 किलोमीटर डांबर टाकून गिनीजचा विक्रम झाला. अभिमानाची गोष्ट आहे. ज्यांना पाच दिवसांत 75 किलोमीटर जमतं, त्यांच्या भावंडांना आमची एक किलोमीटर साईडपट्टी चार वर्षांत जमू नये, याचं मला नवल वाटतं.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडला. मावशी गळ्यात हात अडकवून पुढंच बसली होती. दोन ठराव झाले. पानठेला खांबाच्या मागं सरकवायचा आणि साईडपट्टीसाठी बांधकाम खात्याला पत्र द्यायचं. ठेलेवाला बिचारा आठवड्यात सरकला. मोटारसायकली अजून तिथंच आहेत. त्या पोरानं सायकलला मोठी घंटी बसवली, एसटीच्या हॉर्नसारखी कर्कश. मावशी म्हणते, “थे वाजली की मी दचकून पडन.”

पत्राचं म्हणाल, तर परवा दोन ट्रॉल्या मुरूम आला. शाळेच्या फाटकासमोर ढीग टाकून ट्रॅक्टर निघून गेला. पसरवायचा कोणी, यावर अजून बोलणं चालू आहे. तोवर पोट्टे त्या ढिगावर सायकली चढवतात आणि दुसऱ्या बाजूनं पाय वर करून घसरत खाली येतात.

नमस्कार.